भंगारातलं लाकूड आणि इलेक्ट्रिक गिटार: हे नातं आलं कुठून

जुन्या तुळईतून नाहीतर मोडक्या टेबलातून हाताने इलेक्ट्रिक गिटार बनवणं हा बऱ्याच जणांना अलीकडचा छंद वाटतो. मागे जाऊन बघितलं तर हे वाद्य जन्मालाच आलं ते हाताशी जे लाकूड होतं त्यातून, महोगनी-रोझवूडचा थाट त्याला नंतर चिकटला.

मुळात टाकाऊ वस्तूंतून तारवाद्य बनवायची खोड विजेच्या आधीची आहे. १८७६ सालचं एडविन फोर्ब्सचं एक चित्र आहे, त्यात अमेरिकन यादवी युद्धातला सैनिक सिगारच्या खोक्याचं फिडल वाजवतोय. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत गरीब काळ्या घरांमधली पोरं भिंतीवर नाहीतर फळीवर एकच तार ताणून वाजवायला शिकायची, त्याला डिडली बो म्हणतात. पैसे नव्हते पण वाजवायचं होतं, बस एवढंच कारण.

अकूस्टिक म्हणजे विजेशिवाय वाजणाऱ्या गिटारमध्ये मात्र टाकाऊ लाकडाला एक मोठी अडचण असते. तिथे आवाज लाकडाची पातळ पाटी आणि आतली हवा तयार करते, त्यामुळे लाकूड पातळ, हलकं आणि तरी ताकदीचं लागतं, आणि ते वाकवायचं, आतून पट्ट्या लावायच्या हे कसबी माणसाचं काम. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप आल्यावर गणितच बदललं. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी, वर स्टीलची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि गुंडाळीत विजेचा सिग्नल तयार होतो. म्हणजे पिकअप मुख्यतः तारेचं ऐकतो. मग बॉडी, म्हणजे गिटारचं धड, पोकळ असायची गरजच राहिली नाही, आणि हीच गोष्ट घरी बनवणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची ठरली.

१९३१ मध्ये जॉर्ज बोशाम्प या अमेरिकन वादकाच्या पिकअपसाठी इलेक्ट्रिक गिटारचा जो पहिला नमुना केला त्याची बॉडी आणि नेक (मान) लाकडाचीच होती, बाजारात आली ती ॲल्युमिनियमची, गोल बॉडी आणि लांब नेक म्हणून ‘फ्राइंग पॅन’ हे नाव पडलं. मग १९४० च्या सुमारास गिटारवादक लेस पॉलने न्यूयॉर्कमध्ये एपिफोन या गिटार कंपनीच्या कारखान्यात पाइनचा चार बाय चार इंचाचा सरळ ठोकळा घेतला, त्यावर पिकअप आणि नेक बसवली, आणि लोकांना ते गिटारसारखं दिसावं म्हणून दोन्ही बाजूंना एका जुन्या एपिफोनचे कापलेले अर्धे भाग लावले. त्याचं नाव ‘लॉग’. गिब्सन या गिटार कंपनीला ही कल्पना सुरुवातीला पटली नाही, लेस पॉलच्या नावाची सॉलिड बॉडी, म्हणजे भरीव धडाची गिटार त्यांनी काढली ती थेट १९५२ मध्ये. तोवर फेंडर कंपनीचा लिओ फेंडर पुढे निघून गेला होता. त्याचे सुरुवातीचे नमुने पाइनचे, सपाट फळीतून कापलेले, आणि नेक चार स्क्रूंनी आवळलेली. मला तर वाटतं की घरी गिटार बनवणाऱ्या प्रत्येकावर फेंडरचे उपकार आहेत, कारण नेकचा अवघड सांधा त्याने काढूनच टाकला, आता फळी, करवत, ड्रिल आणि भरपूर चिकाटी असली की झालं.

पण या सगळ्या इतिहासात जिच्याजवळ थांबलंच पाहिजे ती म्हणजे पुढे क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक झालेल्या ब्रायन मेची ‘रेड स्पेशल’ ही गिटार. काळ १९६३, ठिकाण लंडन, वय १६, आणि फेंडर-गिब्सन घ्यायची घरची ऐपत नव्हती, शिवाय ब्रिटनमध्ये अमेरिकन वाद्यांच्या आयातीवरची बंदी उठूनही तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, १९५९ मध्येच उठलेली. वडील हॅरल्ड इलेक्ट्रॉनिक्समधले, हाताने काम करणारे. बापलेकांनी मिळून घरातलं आणि आजूबाजूचं जे सापडेल ते घेतलं. नेक कोरली ती एका जुन्या फायरप्लेसच्या महोगनीच्या फळीतून, त्यात किडीची भोकं होती, ती काड्यापेटीच्या काड्या घालून बुजवली. बॉडीत जुन्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड, वरून महोगनीचं व्हिनियर, म्हणजे पातळ पापुद्रा. फ्रेटबोर्डवरचे, म्हणजे नेकच्या बोटं ठेवायच्या पट्टीवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. ट्रेमोलोला, म्हणजे तारांचा सूर खालीवर हलवणाऱ्या यंत्रणेला, मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, त्याचा दांडा सायकलच्या बॅग-कॅरियरचा, टोकाला विणकामाच्या सुईचा तुकडा. पिकअपही आधी घरीच गुंडाळले होते, पण तार ओढली की आवाज विचित्र यायचा म्हणून बर्न्स कंपनीचे ट्राय-सॉनिक घेतले. या कामात साधारण दोन वर्षं गेली, आणि तीच गिटार पुढे क्वीनच्या जवळजवळ सगळ्या रेकॉर्डवर वाजली, २००२ मध्ये बकिंगहम राजवाड्याच्या छतावर सुद्धा तीच होती. विशेष म्हणजे बॉडी आतून थोडी पोकळ ठेवली होती, मुद्दाम, फीडबॅक (स्पीकरच्या आवाजाने तारा पुन्हा घुमणं) मिळावा म्हणून, म्हणजे साहित्य भंगारातलं असलं तरी विचार पक्का होता.

सत्तरच्या दशकात अमेरिकन रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने वेगळ्या वाटेने तेच केलं, कारखान्यात बाद ठरलेली ५० डॉलरची बॉडी, ८० डॉलरची नेक, आणि गिब्सनचा पिकअप बसावा म्हणून स्वतः खाच मोठी केली. मग सुट्या भागांचा धंदाच उभा राहिला.

लाकडाने आवाज किती बदलतो यावर वाद कधीच संपत नाही. माझं मत, इलेक्ट्रिकमध्ये पिकअप, त्याची तारेपासूनची उंची आणि स्केलची (तारेच्या वाजणाऱ्या भागाची) लांबी यांचा फरक बॉडीच्या लाकडापेक्षा जास्त पडतो. जुन्या लाकडाचा खरा फायदा वेगळाच आहे, ते दशकानुदशकं सुकून स्थिर झालेलं असतं. १९व्या शतकातल्या इमारतींच्या पाइनच्या तुळया मूळ जंगलातल्या सावकाश वाढलेल्या झाडांच्या असायच्या, वाढीची वर्तुळं एकमेकांना खेटून, रेझिन (राळ) वाळून कडक झालेलं. न्यूयॉर्कच्या कार्माइन स्ट्रीटवर रिक केली या कारागिराने पाडलेल्या इमारतींतलं असलंच लाकूड घेऊन वर्षानुवर्षं गिटार बनवल्या. आणि १९९५ मध्ये टेलर गिटार्स कंपनीच्या बॉब टेलरने माल ठेवायच्या पॅलेटच्या लाकडातून अकूस्टिक बनवून दाखवली, जी मी वर अवघड म्हटली तीच, तेव्हा बनवणाऱ्याच्या हाताचं महत्त्व सगळ्यांच्या लक्षात आलं.

अलीकडे याला गरजेचंही कारण आलंय. ब्राझिलियन रोझवूडचा व्यापार १९९२ पासून साइट्स (धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय) कराराने जवळपास बंद, २०१७ मध्ये रोझवूडच्या सगळ्या डालबर्जिया जाती नियमात आल्या, तयार वाद्यांना सूट मिळाली ती २०१९ मध्ये. ॲश हेही गिटारच्या बॉडीचं नेहमीचं लाकूड, त्या झाडांना पोखरणारा हिरवा भुंगा अमेरिकेत २००२ मध्ये सापडला, आणि २०२० मध्ये फेंडरनेही नेहमीच्या मॉडेल्समध्ये ॲशचा वापर कमी करत असल्याचं सांगितलं. त्यामुळे पाडकामातली फळी आता नुसती हौस राहिली नाही. फक्त ती घेताना बॉडीला थोडी गाठ चालते, पण नेकला मात्र सरळ ग्रेनचाच (सरळ रेषांच्या धाग्याचाच) तुकडा लागतो, नाहीतर तारांच्या ताणाने वाकते. आणि रंधा लावायच्या आधी मेटल डिटेक्टर फिरवायचा, कारण आत तुटलेले खिळे असतात, ओकमध्ये तर त्यांच्याभोवती लोखंड आणि टॅनिनच्या मिलाफाने निळसर काळा डाग पसरलेला असतो, कोणी तो भाग कापून टाकतं, कोणी मुद्दाम पुढच्या बाजूला ठेवतं.