सटवाईने लिहिलेला १९९ नंबर

एप्रिल २०२५ च्या एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) ड्राफ्टआधी शेड्यूर सँडर्स हा क्वार्टरबॅक पहिल्या राउंडमध्येच उचलला जाणार असं भलेभले छातीठोकपणे सांगत होते. तो गेला १४४ व्या नंबरवर, पाचव्या राउंडमध्ये. त्यातही गंमत बघा, ज्या क्लीव्हलँड ब्राउन्सने त्याला घेतलं त्यांनी ९४ व्या नंबरवर डिलन गॅब्रिएल हा दुसरा क्वार्टरबॅक आधीच घेऊन ठेवला होता. सीझन सुरू झाल्यावर या दोघांत आधी संधी कोणाला मिळाली? गॅब्रिएलला. आणि सँडर्स मैदानात कधी उतरला? गॅब्रिएलच्या डोक्याला मार लागल्यावर.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हे अमेरिकन फुटबॉल, मेस्सीवालं नाही. क्वार्टरबॅक म्हणजे जवळपास प्रत्येक चालीत चेंडू हातात घेऊन तो कोणाकडे फेकायचा हे दोन-तीन सेकंदांत ठरवणारा माणूस. टीममध्ये असे दोन-तीन असतात पण एका वेळी खेळतो एकच, बाकीचे टोपी घालून बाजूला उभे. कॉलेजातून येणारी पोरं आयपीएलसारखी लिलावात विकली जात नाहीत. ड्राफ्ट म्हणजे रांग असते, मागच्या सीझनला सगळ्यात वाईट खेळलेली टीम पहिली निवड करते, असे सात राउंड. २१-२२ वर्षांच्या पोराच्या कपाळावर त्या तीन दिवसांत जो नंबर पडतो तो पुढे वर्षानुवर्षं त्याच्यासोबत फिरतो. आपल्याकडे पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते म्हणतात ना, तसंच, फक्त इथे सटवाई टीव्हीवर लाइव्ह असते.

आता सरळ मत असं की चांगला खेळाडू वरच्या नंबरला जातो, म्हणून त्याला जास्त खेळवतात, यात नवल ते काय. हे अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी आधी एक यादी बघू. टॉम ब्रेडी, २००० साली १९९ वा. त्याला जागा मिळाली २००१ च्या सप्टेंबरमध्ये, ड्रू ब्लेडसो जबर जखमी झाला तेव्हा, आणि हा ब्लेडसो १९९३ चा पहिला नंबर. कर्ट वॉर्नरला ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंच नव्हतं, किराणा दुकानात माल लावायचं काम केलेला माणूस, १९९९ मध्ये ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेला आणि वॉर्नर त्याच सीझनला सुपर बोल (एनएफएलची फायनल) जिंकून मोकळा. डॅक प्रेस्कॉट, १३५ वा, टोनी रोमोच्या पाठीला दुखापत झाली म्हणून खेळला. आणि ब्रॉक पर्डी, २०२२ चा २६२ वा म्हणजे अगदी शेवटचा, ज्या नंबरला तिकडे चिडवून 'मिस्टर इर्रेलेव्हंट' म्हणतात. त्याच्यासाठी तर दोन माणसं जखमी व्हावी लागली, आधी ट्रे लान्सचा घोटा आणि मग जिमी गॅरोपोलोचा पाय. खालच्या नंबरवाल्याचं दार बहुतेक वेळा दुसऱ्याचं हाड मोडल्यावर उघडतं. (रसेल विल्सन ७५ वा असून २०१२ मध्ये प्रॅक्टिसच्या जोरावर जागा घेऊन गेला, पण असे थोडे.)

बरं, कोच लोक काय आंधळे असतात का, रोज प्रॅक्टिस बघतात, त्यांना खालचा पोरगा चांगला आहे हे दिसत नाही? इथेच माझा आवडता भाग येतो, जरा धीर धरा. समजा दोन क्वार्टरबॅक आहेत, एकाचे खरे १०० पैकी ६५ पास पोचतात, दुसऱ्याचे ६०. या खेळात हा फरक चांगला मोठा आहे. एका मॅचमध्ये साधारण ३० पास होतात. आता नाणं ३० वेळा उडवलं तर दर वेळी बरोब्बर १५ छापे पडत नाहीत, कधी ११ कधी १८. तसंच इथे, ३० पासवरून काढलेली टक्केवारी नुसत्या योगायोगाने ९ टक्के इकडेतिकडे सहज होते. म्हणजे शोधायचा फरक ५ चा आणि मोजपट्टीच ९ ने हलते! हिशोब केला तर कमी चांगला खेळाडू एखाद्या मॅचमध्ये जास्त चांगल्यापेक्षा सरस दिसण्याची शक्यता तीनात एक निघते. आणि हा योगायोगाचा गोंगाट पासच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो, म्हणजे गोंगाट निम्मा करायला पास चौपट लागतात, ३० ला ९ टक्के, १२० ला साडेचार, ४८० ला सव्वादोन. दोघांत खरंच फरक आहे हे बऱ्यापैकी खात्रीने म्हणायचं तर प्रत्येकाचे साडेसातशेच्या आसपास पास बघावे लागतील, म्हणजे जवळजवळ दीड सीझन. शिवाय वारा, समोरचा बचाव, आपले चेंडू झेलणारे हे सगळं वेगळंच.

म्हणजे संधी हीच माहिती आहे. ज्याला ५०० पास मिळाले त्याच्याबद्दल काहीतरी कळतं, ज्याला २० मिळाले त्याच्याबद्दल काहीच कळत नाही, आणि काहीच कळत नसेल तेव्हा माणूस कशावर जातो, तर कपाळावरच्या नंबरावर. पेटन मॅनिंग १९९८ चा पहिला नंबर. पहिल्याच सीझनला २८ पास प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिले, टीम १६ पैकी १३ मॅच हरली, तरी त्याला एकदाही बसवलं नाही, आणि पुढच्या वर्षी तीच टीम १३ जिंकली. हेच १९९ व्या नंबरवाल्याने केलं असतं तर दहाव्या चुकीला घरी पाठवला असता, आणि त्याचा मॅनिंग झाला असता का हे कोणाला कळलंच नसतं. वरचा नंबर यश देत नाही, तो चुका करायची मुभा देतो.

यात पैशाचा भाग आहेच. २०१० चा पहिला नंबर सॅम ब्रॅडफर्ड, त्याला ५ कोटी डॉलर खात्रीचे; एवढे ओतल्यावर त्याला बाकावर कोण बसवणार. २०११ ला नियम बदलले आणि पहिल्या नंबरच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे मिळून २ कोटी २० लाख, तरी वरच्या नंबरवाल्यालाच खेळवायची ओढ गेली नाही. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्चाचा फास म्हणता येईल: पिक्चर भिकार आहे पण तिकीट काढलंय ना, मग शेवटपर्यंत बसू. स्टॉ आणि होआंग या दोन संशोधकांनी १९९५ मध्ये बास्केटबॉलच्या एनबीएवर हेच तपासलं आणि दिसलं की खेळ तितकाच असला तरी वरच्या नंबरवाल्याला जास्त मिनिटं मिळतात, आणि हे पाच-पाच वर्षं टिकतं. क्वार्टरबॅकांवर बेरी आणि सिमन्स यांचं काम आहे, २०११ चं. त्यांच्या मते नंबरावरून कोण किती खेळणार हे कळतं, पण एकेका चालीमागे कोण किती चांगलं खेळणार हे फारसं कळत नाही. यावर आक्षेपही आहे आणि तो मला पटतो. खालच्या नंबरचे जे मोजक्या संख्येने खेळले ते आधीच गाळून आलेले, त्यातल्या त्यात बरे. न खेळलेल्यांचे आकडेच नाहीत, मग तुलना करायची कशाशी?

यावर एक सुंदर युक्ती आहे. टीम ३२, म्हणून पहिला राउंड ३२ ला संपतो. ३२ वा आणि ३३ वा यांच्या खेळात तसा काय फरक असणार? पण ३२ व्याला 'फर्स्ट राउंडर' हे बिरुद मिळतं, आणि २०११ पासून टीमला त्याच्या कराराचं पाचवं वर्ष राखून ठेवायचा हक्क मिळतो, ३३ व्याचा मिळत नाही. म्हणजे रेषेच्या अलीकडचे आणि पलीकडचे यांची तुलना केली की गुणवत्ता वजा होते आणि नुसता शिक्का उरतो. रेषा किती कृत्रिम आहे बघा, लमार जॅक्सन २०१८ ला ३२ वा, पहिल्या राउंडचा. ड्रू ब्रीस २००१ ला ३२ वाच, पण दुसऱ्या राउंडचा, कारण तेव्हा टीमच ३१ होत्या!

तरी सगळेच कोच फसतात असं नाही. ॲरिझोनाने २०१८ ला १० व्या नंबरवर जॉश रोझेन घेतला, पुढच्या वर्षी नवा कोच आला, त्याने पहिला नंबर वापरून कायलर मरे घेतला आणि रोझेनला विकून टाकला. तिकीट दुसऱ्याने काढलेलं असलं की पिक्चर सोडून उठणं सोपं जातं.

आणि हो, त्या ब्रेडीच्या गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी सकाळी फिरतात ना, '१९९ व्या नंबरने हार मानली नाही', त्या कृपा करून मला पाठवू नका. हार न मानणारे १९९ वे ढिगाने झाले असतील, ब्लेडसो एकालाच भेटला. अंकशास्त्रवाल्यांनी १+९+९ ची बेरीज करून काही सांगायच्या आधीच सांगतो, १९९ मध्ये काही नाही.

सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये तीन वर्षांचे फर्स्ट राउंड पिक (निवडीचे हक्क) देऊन तिसऱ्या नंबरवर घेतलेला लान्स २०२३ मध्ये चौथ्या राउंडच्या एका पिकवर डॅलसला दिला. त्या सीझनला २६२ व्या पर्डीच्या मागे टोपी घालून कोण उभा होता? सॅम डार्नल्ड, २०१८ चा तिसरा नंबर, दोन टीममध्ये फसलेला. तरी नंबर तिसरा, म्हणून २०२४ मध्ये मिनेसोटाने त्याला आणखी एक संधी दिली, आणि त्याने १४ मॅच जिंकून दिल्या. सीझन संपल्यावर मिनेसोटाने त्याला जाऊ दिलं. त्यांच्याकडे २०२४ चा १० वा नंबर, जे.जे. मॅकार्थी, गुडघ्याच्या दुखापतीमुळे वर्षभर न खेळलेला, बसून होता आणि त्याला खेळवायचं होतं.