सरकारला धर्म नसणे आणि नागरिकाने धर्म लपवणे

धर्म आणि राज्यकारभार वेगळे ठेवावेत का, हा वाद निघाला की थोड्याच वेळात त्यात दोन निराळ्या मागण्यांची सरमिसळ होते. एक मागणी सरकारकडे असते: कायदा करताना, कर वसूल करताना, निवाडा देताना, शाळा चालवताना कोणत्याही धर्माची बाजू घेऊ नका. दुसरी नागरिकाकडे असते: चारचौघांत येताना आपला धर्म घरी ठेवून या. एकीसाठी दिलेला दाखला मग बेधडक दुसरीच्या नावावर खपवला जातो. ज्यांना सरकारी धर्म हवा असतो ते म्हणतात, ‘बघा, उद्या तुम्हाला देवाचं नावही घेऊ देणार नाहीत.’ ज्यांना धर्मच नकोसा असतो ते विचारतात, ‘राज्य धर्मापासून वेगळं आहे ना, मग याच्या डोक्यावर ही पगडी कशाला?’ दोघांच्याही पथ्यावर पडणारा हा गोंधळ आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगितलेले बरे. पहिली मागणी योग्य आहे आणि ती कडकपणे पाळली जावी. दुसरी मला पटत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती पहिलीतून आपोआप निघत नाही. कुणाला ती मांडायचीच असेल तर त्याने वेगळी कारणे द्यावीत.

पहिल्या मागणीचा उगम पाहिला तर एक गंमत दिसते. ती लावून धरणाऱ्यांत श्रद्धाळू माणसे पुढे होती. रॉजर विल्यम्स हा स्वतः धर्मोपदेशक. उत्तर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या इंग्रज वसाहतीने त्याला हाकलले, तेव्हा त्याने 1636 मध्ये प्रॉव्हिडन्स वसवले आणि तिथे शासनाला श्रद्धेच्या बाबतीत हुकूम काढायची मुभा ठेवली नाही. सत्तेने लादलेली उपासना खरी उपासनाच नव्हे, अशी त्याची धारणा होती. पुढे 1784 मध्ये व्हर्जिनिया राज्यात पॅट्रिक हेन्री या नेत्याने ख्रिस्ती धर्मशिक्षकांच्या पगारासाठी कर बसवण्याचा प्रस्ताव आणला. आपला पैसा कोणत्या पंथाला जावा हे करदात्याने ठरवायचे होते, म्हणजे वरकरणी प्रस्ताव उदारच. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेम्स मॅडिसनने त्याला कडाडून विरोध केला आणि मॅडिसनच्या बाजूला बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाची मंडळी उभी राहिली. त्यांच्या प्रचारकांनी परवान्याविना प्रवचन केल्याबद्दल याच व्हर्जिनियात तुरुंग पाहिला होता, त्यामुळे आज पैसे देणारे सरकार उद्या परवाना मागते हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. प्रस्ताव बारगळला. 1786 मध्ये जेफरसनने लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा तिथे मंजूर झाला आणि 1791 मध्ये अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीने संघराज्याच्या कायदेमंडळाचे हात बांधले: कोणताही धर्म प्रस्थापित करायचा नाही, कोणाच्याही धर्माचरणाला आडकाठी करायची नाही. ही दोन्ही बंधने कायदेमंडळावर आहेत. नागरिकाने काय करावे याबद्दल तिथे चकार शब्द नाही.

फ्रान्सचा 1905 चा कायदा सहसा याच्या उलट टोकाचा मानला जातो. पण त्याची पहिली दोन कलमे वाचली तर तिथेही प्रजासत्ताकच बांधलेले दिसते. ते सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याची हमी देते, आणि कोणत्याही उपासनापंथाला मान्यता, पगार किंवा अनुदान देत नाही. (पूर्व सीमेवरचा अल्सास-मोझेल हा भाग तेव्हा जर्मनीकडे होता. तिथे हा कायदा पुढेही लागू झाला नाही, म्हणून तिथल्या पाद्र्यांना आजही सरकारी तिजोरीतून पगार मिळतो. ठाम तत्त्वांच्या देशातही इतिहास आपली सोय करून घेतो.) विधेयकावर चर्चा चालू असताना एका सदस्याने पाद्र्यांच्या झग्यावर रस्त्यात बंदी घालण्याची दुरुस्ती सुचवली होती. विधेयक मांडणाऱ्या आरिस्तीद ब्रियाँने ती मानली नाही. स्वातंत्र्य देणाऱ्या कायद्याने माणसांना कपडे बदलायला लावणे हास्यास्पद ठरेल, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. म्हणजे दोन मागण्यांतला फरक फ्रेंच कायदेमंडळाला तेव्हा नीट कळत होता.

पुढे तो पुसट झाला. 1989 मध्ये क्रेय या फ्रेंच शहरातल्या शाळेत हिजाबवरून वाद पेटला, तेव्हा तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने मत दिले की विद्यार्थ्याने धार्मिक चिन्ह घालणे हे एवढ्यावरूनच धर्मनिरपेक्षतेच्या विरोधात जात नाही. दबाव, प्रचार किंवा गोंधळ झाला तर गोष्ट वेगळी. 2004 च्या कायद्याने मात्र सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांना ठळक धार्मिक चिन्हे घालायला मनाई केली: हिजाब, किप्पा (ज्यूंची टोपी), पगडी, मोठा क्रूस. बंधन प्रजासत्ताकावरून मुलावर आले. समर्थकांचे म्हणणे हलक्यात घेण्यासारखे नाही. घरच्यांचा आणि सोबत्यांचा दबाव असलेल्या मुलींना निदान शाळेत तरी मोकळा श्वास मिळावा, असे ते म्हणतात. पण हा मुलांच्या संरक्षणाचा युक्तिवाद आहे. तो त्याच नावाने मांडावा, म्हणजे दबाव कुणावर आहे, किती आहे आणि स्वतःहून घालणाऱ्या मुलीचे काय, हे प्रश्न विचारता येतात. राज्य धर्मापासून वेगळे आहे एवढे म्हटले की हे प्रश्न विचारायची सोयच उरत नाही.

शाळेतलाच दुसरा खटला याच्या शेजारी ठेवावा. न्यूयॉर्क राज्यातल्या सरकारी शाळांसाठी शासकीय मंडळाने एक छोटीशी प्रार्थना तयार केली होती. ती कोणत्याही एका पंथाची नव्हती, आणि नको असेल त्या मुलाने गप्प राहावे अशी सवलतही होती. 1962 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, कारण प्रार्थना रचणे हे सरकारचे कामच नाही. ‘शाळेतून देव हद्दपार’ अशी ओरड तेव्हापासून चालू आहे. प्रत्यक्षात परीक्षेआधी मनातल्या मनात देवाचा धावा करणाऱ्या मुलाला त्या निकालाने हातही लावलेला नाही. याच न्यायालयाने 1943 मध्ये ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथातल्या मुलांना ध्वजवंदनाची सक्ती करता येत नाही असे सांगितले होते, आणि भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये केरळातल्या त्याच पंथाच्या तीन मुलांना, राष्ट्रगीताला आदराने उभी राहून ती गात नव्हती म्हणून काढले गेले असताना, शाळेत परत घ्यायला लावले.

दोन मागण्या खरोखर सुट्या आहेत याचा पुरावा नकाशावरही सापडतो. इंग्लंडमध्ये राजा हा चर्चचा प्रमुख आणि वरिष्ठ सभागृहात 26 बिशपांना जागा. पहिली मागणी तिथे कागदावर नापास. पण नागरिकाला धर्म लपवायला कुणी सांगत नाही. तुर्कस्तानात 1924 पासून सरकारी धर्मखाते इमामांना पगार देत आले, आणि त्याच देशात 1999 मध्ये निवडून आलेल्या मेर्वे कावाकची हिजाब घालून संसदेत आल्या तेव्हा त्यांना शपथ घेऊ दिली गेली नाही. पहिली मागणी धाब्यावर आणि दुसरी मात्र कडक. अल्बेनियाने 1967 मध्ये तर सगळी प्रार्थनास्थळेच बंद केली. त्याला वेगळेपणा म्हणणे चूक आहे. नास्तिकतेचा पुरस्कार करणारे सरकारही श्रद्धेच्या वादात पक्षकारच असते.

कायद्यामागच्या कारणांचे काय? व्हर्जिनियातल्या एका गोऱ्या पुरुषाने गौरेतर स्त्रीशी लग्न केले म्हणून दोघांना शिक्षा झाली. देवाने वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले, म्हणजे त्यांची सरमिसळ त्याला नको होती, असे कारण न्यायाधीशाने दिले. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये ती शिक्षा आणि तो कायदा दोन्ही रद्द केले. त्याच काळात मार्टिन ल्यूथर किंग हे पाद्री बायबलमधली वचने म्हणत रस्त्यावर उतरले होते. देवाचे नाव दोघांच्याही तोंडी. पण न्यायाधीशाच्या हातात शिक्षेचा अधिकार होता, आणि किंग यांना समोरच्याला पटवून देण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. शिवाय त्या चळवळीतून आलेला 1964 चा नागरी हक्क कायदा हॉटेल, नोकरी, शाळा यांच्या भाषेत बोलतो. तो पाळायला ख्रिस्ती असावे लागत नाही. श्रद्धेतून कायद्याची प्रेरणा मिळायला हरकत नाही. कायद्याचे समर्थन मात्र ती श्रद्धा नसलेल्यालाही तपासता आले पाहिजे.

खरी अडचण सरकारी खुर्चीवर बसलेल्या माणसाची आहे, कारण तो एकाच वेळी नागरिकही असतो आणि सरकारही. कॅनडाच्या संघीय पोलीस दलाने 1990 मध्ये शीख अधिकाऱ्यांना गणवेशासोबत पगडीची परवानगी दिली. त्याच देशातल्या क्युबेक प्रांताने 2019 मध्ये पोलीस, सरकारी वकील, शिक्षक यांना कामावर धार्मिक चिन्हांची बंदी केली. मला 1990 चा निर्णय बरा वाटतो. पगडी घातलेल्या शिपायाने वेगाच्या मर्यादेचा दंड सगळ्यांना सारखाच लावला तर सरकारचा धर्म ठरत नाही. लावला नाही, तर उघड्या डोक्यानेही ठरतो. पण न्यायाधीशाच्या बाबतीत मी इतक्या ठामपणे बोलणार नाही, कारण तिथे समोरच्या पक्षकाराला काय वाटते यालाही वजन असते.

पोशाखाकडून वागणुकीकडे आलो की उत्तर सोपे होते. 2015 मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात एका काउंटी क्लर्कने, म्हणजे विवाह परवाने देणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याने, आपल्या श्रद्धेचे कारण देऊन समलिंगी जोडप्यांना विवाह परवाने नाकारले आणि न्यायालयाचा आदेश न पाळल्याने काही दिवस कोठडीत काढले. परवाना देणे हे त्या कार्यालयाचे काम होते, ते नाकारण्याचा अधिकार त्या पदाला नव्हता. त्यांची एक तक्रार मात्र ऐकण्याजोगी होती: आपले नाव त्या कागदावर नको. 2016 मध्ये राज्याच्या कायदेमंडळाने परवान्याचा नमुना बदलला आणि त्यावर क्लर्कचे नाव असण्याची अट काढून टाकली.