मागचा स्पॉयलर आणि रस्त्यावरची पकड

डिकीवर स्पॉयलर, म्हणजे हवेचा प्रवाह वळवणारी पट्टी, बसवला की गाडी रस्त्याला घट्ट धरून चालते, हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. नेहमीच्या वेगापुरता तो चुकीचा आहे. हवेमुळे निर्माण होणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे ताशी 180 किलोमीटरला जेवढे बल मिळते, त्याचा केवळ नववा हिस्सा ताशी 60 किलोमीटरला उरतो.

तरीही स्पॉयलर म्हणजे निव्वळ शोभा, असे म्हणणेही अन्यायाचे ठरेल. 1998 मध्ये आलेल्या ऑडी टीटीला मागे स्पॉयलर नव्हता. जर्मनीच्या ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गावर, ताशी 180 किलोमीटरच्या पुढे एकाएकी मार्गिका बदलताना तिचा मागचा भाग हलका होऊन ताबा सुटू शकत असे, आणि अशा अपघातांत माणसे दगावली. त्यानंतर कंपनीने गाड्या परत बोलावून छोटा स्पॉयलर बसवला आणि सस्पेन्शनही सुधारले. त्या स्पॉयलरचे काम गाडीला खाली दाबणे नसून तिला वर उचलणारे बल कमी करणे हे होते, आणि हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. बाजारातून आणून डिकीवर चिकटवलेला, त्या गाडीसाठी कधीही न तपासलेला पंख हे काम करेल, असे गृहीत धरता येत नाही.