ड्रेडनॉटवरचे ‘राजपुत्र’

७ फेब्रुवारी १९१० रोजी ब्रिटिश आरमाराच्या होम फ्लीटचे प्रमुख ॲडमिरल विल्यम मे यांना तार आली. ॲबिसिनियाचे (आजचा इथिओपिया) राजपुत्र इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वेमथला येत आहेत, त्यांचे आगतस्वागत व्हावे. तारेखाली परराष्ट्र खात्यातल्या बड्या अधिकाऱ्याचे नाव होते. तासाभरात धावाधाव करून लाल गालिचा अंथरला गेला, बँड उभा राहिला आणि पाहुण्यांना थेट एचएमएस ड्रेडनॉटवर नेण्यात आले. १९०६ साली पाण्यात उतरलेली ही युद्धनौका म्हणजे त्या काळच्या ब्रिटिश दराऱ्याचे प्रतीकच.

चौघा राजपुत्रांपैकी एक होती अठ्ठावीस वर्षांची व्हर्जिनिया स्टीफन, म्हणजे पुढची लेखिका व्हर्जिनिया वुल्फ. तोंडाला काळा रंग, डोक्याला फेटा, हनुवटीला दाढी. दुसरा चित्रकार डंकन ग्रँट. व्हर्जिनियाचा भाऊ एड्रियन दुभाषी झाला होता, आणि परराष्ट्र खात्याचा माणूस म्हणून मिरवत होता या कटाचा म्होरक्या, होरेस द व्हेअर कोल.

कोलचा हा पहिला प्रयोग नव्हे. १९०५ साली केंब्रिजला शिकत असताना त्याने आणि एड्रियनने झांझिबारच्या (पूर्व आफ्रिकेजवळचे बेट) सुलतानाच्या मंडळींचे सोंग घेऊन तिथल्या महापौराला टोपी घातली होती. खरा सुलतान तेव्हा इंग्लंडमध्येच होता, त्याचे फोटो छापून येत होते. म्हणून कोल सुलतान न होता सुलतानाचा काका झाला! पाच वर्षांनी हीच युक्ती मोठ्या पटावर मांडली गेली.

बोटीवर भाषेची पंचाईत झाली. स्वाहिली या पूर्व आफ्रिकेतल्या भाषेचे घोकलेले चार शब्द संपल्यावर एड्रियनने शाळेत पाठ केलेल्या रोमन कवी व्हर्जिलच्या लॅटिन ओळी मोडून-तोडून फेकायला सुरुवात केली. कोणाला काही कळले नाही. ॲबिसिनियाचे राष्ट्रगीत बँडला सापडेना, तेव्हा झांझिबारचे वाजवून वेळ मारून नेली. खुद्द स्टीफन भावंडांचा मावसभाऊ विल्यम फिशर तिथे अधिकारी होता. त्यानेही ओळखले नाही. वाऱ्या-पावसात ग्रँटची मिशी सुटू लागली तेवढा एक क्षण बाका गेला. रंग उतरेल या धास्तीने जेवणाला मात्र नकार दिला.

आरमाराची फजिती म्हणून हा किस्सा आजही चवीने सांगितला जातो. मला त्यातली दुसरी बाजू जास्त बोचते. आफ्रिकेतला राजपुत्र कसा दिसतो, काय बोलतो याची अक्कल अधिकाऱ्यांना नव्हती, तशी ती थट्टेखोरांनाही नव्हती. काळे तोंड, झगा आणि अगम्य बडबड एवढ्यावर दोन्हीकडच्यांचे समाधान झाले. ॲबिसिनिया हे तर १८९६ साली अडोवाला इटलीच्या फौजेचा धुव्वा उडवणारे स्वतंत्र राज्य.

बातमी फुटली, सोंगातला फोटो वृत्तपत्रात झळकला, पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारले गेले. खटला भरला तर आणखी हसे होईल म्हणून आरमाराने हात आवरले. पण अधिकारी चडफडत होते. त्यांनी ग्रँटला घरातून उचलून मोकळ्या माळावर नेले आणि नावापुरत्या दोन छड्या मारल्या. तो बिचारा सपाता घालूनच भुयारी रेल्वेने घरी परतला. कोलही छड्या खाऊन सुटला, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीचे लग्न नेव्हिल चेंबरलेन यांच्याशी झाले. तेच पुढे पंतप्रधान झाले.