ऑरियस की सॉलिडस? सोन्याची दोन रोमन नाणी

ऑरियस आणि सॉलिडस या दोन नाण्यांत गल्लत होणं साहजिक आहे. दोन्ही सोन्याची, दोन्ही साधारण २० मिलिमीटर रुंद, दोन्हींवर सम्राट. फोटोत तर फरक चटकन कळत नाही. तळहातावर घेतली की मात्र लगेच कळतो. ज्युलियस सीझरच्या काळी ऑरियस ८ ग्रॅमचा होता, नीरोने तो ७.३ ग्रॅमच्या आसपास आणला आणि पुढे वजन घटतच गेलं. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला कॉन्स्टंटाइनने एका रोमन पौंडात ७२ नाणी पाडायचं ठरवलं. तोच सॉलिडस: साडेचार ग्रॅमचा, पातळ.

मी रमतो ते मागच्या बाजूच्या चित्रांत. ऑरियसवर ताजी बातमी असते. सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसच्या नाण्यावर दोन खंजीर, मध्ये दास्यातून सुटलेल्यांची टोपी आणि खाली सीझरच्या खुनाचा दिवस! सम्राट व्हेस्पेशियनच्या नाण्यावर विजयस्तंभाशी शोक करत बसलेली ज्यूडिया, म्हणजे स्त्रीरूपात दाखवलेला ज्यूंचा जिंकलेला प्रांत; सम्राट ट्रेजनच्या नाण्यावर त्याने बांधलेला फोरम, म्हणजे सार्वजनिक चौक.

सॉलिडसवर अशी बातमी क्वचितच. तिथे पिढ्यान् पिढ्या पंखवाली विजयदेवता उभी असते, पुढे तिच्या हाती लांब क्रूस येतो. सहाव्या शतकात, पहिल्या जस्टिनच्या काळी, ती देवी जाते आणि तिच्या जागी पुरुषरूपातला देवदूत येतो. पंख तेच राहतात. एका धर्माने दुसऱ्याची जागा किती हलक्या पावलांनी घेतली, हे मला इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

चेहऱ्यावरून ओळखायला जाल तर जपून. ऑरियसवर सम्राट बहुधा एका बाजूने दिसतो. साम्राज्याच्या पूर्वेकडच्या सॉलिडसवर शिरस्त्राण घालून, खांद्यावर भाला टेकवून आपल्याकडे बघतो. पण पश्चिमेत सम्राट होनोरियसच्या सॉलिडसवरही तो बाजूनेच आहे. त्यापेक्षा तळाशी ‘कॉनॉब’ अशी अक्षरं शोधा; पुष्कळ सॉलिडसांवर ती असतात. ‘कॉन’ म्हणजे कॉन्स्टँटिनोपल, ‘ऑब’ म्हणजे शुद्ध सोनं. शिवाय ग्रीक अंकलेखनात तीच दोन अक्षरं ७२ होतात. ऑरियसवर ती नसतात.

दोन्ही नाणी दक्षिण भारतात पोहोचली. तमिळनाडूत पुदुक्कोट्टईजवळ १८९८ मध्ये सापडलेल्या ऑरियसांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव आहे. कर्नाटकात अक्कीआळूरला मिळालेल्या सॉलिडसांपैकी अनेकांना सम्राटाच्या डोक्यावर दोन भोकं पाडलेली आहेत; दोऱ्यात ओवलं की चेहरा सरळ दिसतो.