कॅलिफोर्नियातील राज्य कार्यकारी अधिकारी : निवडणूक आणि रिक्त पदे

महाराष्ट्रात मंत्री कोण होणार हे मुख्यमंत्री ठरवतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तसे नाही. तिथे गव्हर्नर (राज्याचा कार्यकारी प्रमुख), लेफ्टनंट गव्हर्नर (त्याच्या खालोखालचे पद), ॲटर्नी जनरल (राज्याचा मुख्य कायदा अधिकारी), सेक्रेटरी ऑफ स्टेट (निवडणुका व नोंदी पाहणारा), कंट्रोलर (लेखा अधिकारी), ट्रेझरर (खजिनदार), विमा आयुक्त आणि शिक्षण अधीक्षक या आठही पदांसाठी मतदार स्वतंत्र मत देतात. गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर जोडीने उभे राहत नाहीत, त्यामुळे ते वेगवेगळ्या पक्षांचे असू शकतात. १९७८ मध्ये डेमोक्रॅट जेरी ब्राउन आणि रिपब्लिकन माइक कर्ब असे निवडून आले होते.

मुदत ४ वर्षांची असते. २०१८, २०२२ अशा, अध्यक्षपदाची निवडणूक नसलेल्या सम वर्षांत मतदान होते. जूनच्या प्राथमिक फेरीत सर्व पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पहिले दोघे नोव्हेंबरच्या लढतीत जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. शिक्षण अधीक्षकाचे पद पक्षविरहित आहे. त्या पदासाठी जूनमध्येच निम्म्याहून अधिक मते मिळाली तर तिथेच निकाल लागतो.

गव्हर्नरचे पद रिकामे झाले की लेफ्टनंट गव्हर्नर गव्हर्नर होतो. इतर बहुतेक पदांसाठी पोटनिवडणूक होत नाही. राज्यघटनेच्या पाचव्या अनुच्छेदानुसार गव्हर्नर नाव सुचवतो आणि सिनेट व असेंब्ली या दोन्ही सभागृहांनी ते मंजूर करायचे असते. इथे आकडे नीट पाहावेत. बहुमत उपस्थितांचे नव्हे, एकूण सदस्यसंख्येचे लागते : सिनेटमध्ये ४० पैकी २१, असेंब्लीत ८० पैकी ४१. फेब्रुवारी २०१० मध्ये लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी सुचवलेल्या एबल माल्डोनाडो यांना असेंब्लीत ३७ विरुद्ध ३५ मते पडली, म्हणजे बाजूने जास्त पडूनही मंजुरी मिळाली नाही. नाव पुन्हा पाठवल्यावर एप्रिलमध्ये ते लेफ्टनंट गव्हर्नर झाले.

९० दिवसांत दोन्ही सभागृहांनी नाव 'मंजूर किंवा नामंजूर' केले नाही, तर उमेदवार आपोआप पदावर येतो. खरा वाद याच वाक्याने उभा केला. ट्रेझरर जेसी अनरू १९८७ मध्ये वारले. गव्हर्नर ड्यूकमेजियन यांनी डॅन लुंग्रेन यांचे नाव पाठवले. असेंब्लीने होकार दिला, सिनेटने नकार. नाव एकाच सभागृहाने नाकारले, दोन्ही सभागृहांनी नाही, तेव्हा ९० दिवसांनंतर पद आपलेच, असा लुंग्रेन यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. १९८८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला : एका सभागृहाचा नकार पुरेसा आहे. हा अर्थच योग्य म्हणावा लागेल, नाहीतर दोन सभागृहांच्या मंजुरीला काही अर्थच उरला नसता.

अशा रीतीने आलेला अधिकारी फक्त उरलेल्या मुदतीपुरता असतो. एका व्यक्तीला एक पद आयुष्यात दोनदाच मिळते; मात्र उरलेला काळ निम्म्या मुदतीपेक्षा, म्हणजे २ वर्षांपेक्षा कमी असेल, तर तो या हिशेबात धरत नाहीत.