मोठा पाइप की थंड हवा?

एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पंपावर आपण पैसे पेट्रोलचे मोजतो, पण इंजिनाच्या पोटात जास्त जाते ती हवाच. पेट्रोल वाढवणं सोपं आहे, इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवला की झालं. हवा वाढवणं मात्र अवघड. म्हणून गाडीची ताकद वाढवायची म्हटलं की बहुतेकांची पहिली खरेदी ठरलेली असते: चकचकीत पाइप आणि शंकूसारखा उघडा फिल्टर, म्हणजेच आफ्टरमार्केट इनटेक (कंपनीच्या जागी बाहेरून विकत घेऊन बसवलेली हवेची वाट). त्यातून खरंच किती मिळतं, हे कागदावर मांडून बघता येतं आणि मला त्या आकडेमोडीतच सगळ्यात जास्त मजा येते.

टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा, नसलेलं दोन लीटरचं इंजिन घ्या. ते ६००० आरपीएमला फिरतंय. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच श्वास घेतो, त्यामुळे मिनिटाला ३००० वेळा दोन लीटर, म्हणजे सेकंदाला १०० लीटर हवा आत जाते. २५ अंश तापमानाला एवढ्या हवेचं वजन सुमारे ११८ ग्रॅम भरतं. तिच्यात ८ ग्रॅम पेट्रोल जळतं आणि त्यातून साधारण ३५० किलोवॅट उष्णता निघते. त्यातला तीसेक टक्के भाग कामाला येतो असं धरलं, तर शाफ्टवर १०५ किलोवॅट मिळतात, म्हणजे जवळपास १४० अश्वशक्ती. अशा इंजिनांच्या माहितीपत्रकात साधारण असाच आकडा सापडतो. हिशेब सुरू झाला तो हवेच्या वजनापासून, पाइपच्या रुंदीपासून नाही.

हे वजन दोन गोष्टींवर ठरतं, दाब आणि तापमान. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. वाटेत एक किलोपास्कल गमावला की जवळपास एक टक्का हवा गेली. स्वच्छ कागदी फिल्टर आणि कंपनीचा एअरबॉक्स, म्हणजे फिल्टर ठेवायचा बंद डबा, मिळून, पूर्ण अॅक्सिलरेटर दाबल्यावर, असे थोडेच किलोपास्कल खातात. नवा इनटेक त्यातला काही भाग वाचवतो, सगळा नाही. तापमानाचा हिशेब कठोर आहे. हवा तीन अंशांनी तापली की तिची घनता एक टक्क्याने उतरते. मे महिन्यात पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाडीच्या बॉनेटखाली उघडा फिल्टर असेल आणि तो बाहेरच्यापेक्षा २० अंश जास्त तापलेली हवा ओढत असेल, तर सहा-सात टक्के हवा तिथेच गेली. पाइपने कमावलेलं उष्णतेने काढून घेतलं.

इथे धातूचा पाइप तापतो म्हणून प्लॅस्टिकचा किंवा कार्बनचा घ्यावा का, हा प्रश्न हमखास येतो. ७० मिलिमीटर व्यासाच्या पाइपमधून सेकंदाला १०० लीटर हवा जाते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे २६ मीटर होतो. अर्धा मीटर पाइप ती दोन शतांश सेकंदात ओलांडते. तापायला तिला वेळच मिळत नाही. पाइप कशाचा आहे यापेक्षा त्याचं तोंड कुठे उघडतं, हे कितीतरी महत्त्वाचं. पुढच्या बाजूच्या स्कूपमधून वेगामुळे हवा कोंबली जाते, या समजुतीलाही आकडे साथ देत नाहीत. ताशी १०० किलोमीटरला तो जास्तीचा दाब अर्धा किलोपास्कलही भरत नाही. स्कूपचा खरा उपयोग बाहेरची थंड हवा मिळण्यापुरता.

आता टर्बोची गाडी. आपल्याकडे हौशी मंडळींत लाडकी असलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेऊ: १९८४ सीसी, २३० अश्वशक्तीची. तिच्या मूळ एअरबॉक्सचं तोंड पुढच्या ग्रिलमागे, रेडिएटरच्या वरच्या बाजूला असतं. म्हणजे थंड हवेची सोय कंपनीने आधीच केलेली आहे. शिवाय टर्बोने हवा किती दाबायची, म्हणजेच बूस्ट किती, हे ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठरवतो. समजा त्याला टर्बोनंतर २०० किलोपास्कल दाब पाहिजे आणि टर्बोआधी १०० ऐवजी ९६ च उरलेत. मग तो टर्बोला थोडा जास्त पळवतो, २ पटींऐवजी २.०८ पट दाबायला लावतो आणि हवे तेवढे २०० गाठतो. चालकाला फरक जाणवला तर तो शेवटच्या आरपीएमला, टर्बोची ताकद संपत आल्यावर. रिमॅप करून, म्हणजे ईसीयूतला मॅप (कंपनीची सेटिंग) बदलून, हवेची मागणी वाढवली की मात्र हीच अडचण मोठी होते आणि इनटेकला अर्थ येतो. मूळ मॅपवर, केवळ ताकदीसाठी, मी तो कुणाला सुचवणार नाही.

आवाजाचं वेगळं. मूळ बॉक्सच्या बाजूला छोटे बंद कप्पे असतात, त्यांना हेल्महोल्ट्झ रेझोनेटर म्हणतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठरावीक सुरात घुमते. त्याच तत्त्वावर हे कप्पे इनटेकमधली नेमकी घुमणारी लहर शोषून घेतात. ते काढले की टर्बोची शीळ आणि थ्रॉटल सोडल्यावरचा फुस्कारा थेट कानावर येतो आणि गाडी जोरात पळते आहे असं वाटतं. तो आवाज मलाही मनापासून आवडतो. फक्त त्याला अश्वशक्ती समजू नये. स्टॉपवॉचला तो ऐकू येत नाही.

बसवताना जपायच्या जागा थोड्याच आहेत, पण चुकल्या तर महागात जातात. पाइप काढल्याबरोबर टर्बोच्या तोंडात स्वच्छ कापड भरा. मिनिटाला लाखाहून जास्त फेरे मारणाऱ्या चाकात एखादा स्क्रू गेला तर टर्बो संपला. गाडीला तापलेल्या तारेने हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असेल, तर त्याच्या जागी पाइपचा व्यास मूळचाच हवा. ७० चा ७६ मिलिमीटर झाला की छेद १८ टक्क्यांनी वाढतो, तारेजवळून हवा सावकाश वाहते, ईसीयूला हवा कमी वाटते आणि तो पेट्रोल आखडतो. पातळ मिश्रणावर पूर्ण जोर दिला की इंजिन नॉक करू लागतं, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोके पडतात. तेल लावायचा कापडी फिल्टर असेल तर तेल बेताने लावा. जास्तीचं उडून त्याच तारेवर बसतं.

मुंबई-कोकणात पावसाळ्याचा विचार आधी करा. बंपरमागे खाली उतरवलेला इनटेक थंड हवा देतो, पण साचलेलं पाणीही ओढतो. ५०० सीसीच्या सिलिंडरमध्ये, कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन हवा किती पटींनी दाबतो तो आकडा) १० असेल, तर पिस्टन वर आल्यावर जेमतेम ५५ सीसी जागा उरते. अर्धी वाटी पाणी. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे वाकतो तो पिस्टनला ढकलणारा कनेक्टिंग रॉड.

बसवून हजारेक किलोमीटर झाले की फिल्टरच्या पुढचा, टर्बोकडचा पाइप एकदा सोडवा आणि पांढऱ्या कोरड्या फडक्याने आतून पुसा. आपल्या धुळीत क्वार्ट्झ असतं आणि ते पिस्टन रिंग घासायला पुरेसं कठीण असतं. फडक्यावर करडी पूड आली, तर क्लॅम्प सैल आहे किंवा फिल्टर धूळ सोडतोय. नवा इनटेक काढा आणि मूळचा बॉक्स परत लावा.